माठाला ऐकू येतं

आमच्या घरात दोनच गोष्टींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा: आप्पांच्या मागाचा आणि माझ्या तोंडाचा. मागाला कोणी नावं ठेवत नसे, कारण त्याच्यावर घर चालायचं. दहिवडीहून फलटणकडे जाताना रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात विणकरांची तीन घरं होती, त्यातलं शेवटचं आमचं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून त्यात माग बसवलेला. आप्पा खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि धोटा इकडून तिकडे पळवायचे. खट्, खटाक्, खट्. त्या आवाजावरून आई चुलीपाशी बसून सांगायची की आप्पांना भूक लागली आहे की राग आला आहे. आप्पा स्वतः काही सांगत नसत. आठवड्यातून तीन-चार वाक्यं बोलायचे, तीही बहुतेक सुताबद्दल. सुताला लावायची खळ ज्वारीच्या पिठाची, आणि आमच्या पोटात जायची आंबीलही त्याच पिठाची. दोन्हींच्या हंड्या शेजारी शेजारी शिजायच्या, आणि पीठ कमी असलं की आधी सुताचं पोट भरायचं. धाग्याला उपाशी ठेवलं तर तो तुटतो, पोरं तुटत नाहीत, असा त्यामागचा विचार असावा. संध्याकाळी हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी. आजही थंडीत साताऱ्याच्या माझ्या स्वयंपाकघरात माडगं शिजतं, पण तेव्हाच्या माडग्याला मागच्या खोलीतल्या निळीचा वास असायचा. तो आता विकत घेता येत नाही. नाहीतर मी घासाघीस करून आणला असता.

मागच्या खोलीत सोनाआत्याचं राज्य होतं. ही आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली, ती रंग शिकूनच. आप्पा पांढरं विणायचे आणि आत्या ते रंगवायची. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवून केलेला काळा. हे रंग पातेल्यात उकळायचे, तिथे कोणीही हात लावावा. निळा मात्र उकळायचा नाही. त्याचा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता, भोवती उबेसाठी शेणकुटाचा भुगा. त्यात निळीच्या वड्या, चुन्याची निवळी, टाकळ्याचं शिजवलेलं बी, आणि रोज सकाळी लिंबाएवढा गुळाचा खडा. गूळ खाऊन माठ जगायचा. जगणाऱ्या माठावर तांबूस फेस यायचा, त्याला आत्या फुलोरा म्हणायची. पांढरं उपरणं त्यात बुडवून वर काढलं की ते हिरवं दिसायचं आणि वाऱ्यावर धरलं की बघता बघता निळं व्हायचं. मी ते दारातून हजार वेळा पाहिलं असेल. दारातूनच. आत्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. मला तसे हात हवे होते. गावातल्या इतर मुलींना बांगड्या हव्या असायच्या.

पण माठाचा एक नियम होता. त्याच्याजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. माठाला ऐकू येतं, आरडाओरडा झाला की तो रुसतो आणि मरतो, असं आत्याच्या सासूनं तिला सांगितलं होतं आणि त्या सासूला तिच्या सासूनं. त्या खोलीत आमच्या घरचे सगळे खुणेनं बोलायचे, म्हणजे बहुतेक बोलायचेच नाहीत. माझा धाकटा भाऊ बाळू आठव्या वर्षापासून आत जायचा, कारण तो मऊ बोलायचा. तो मऊ बोलायचा, कारण त्याला सांगण्यासारखं काही नसायचं, असं माझं मत होतं आणि आहे. हल्ली बाळूचा मुलगा सुहास त्या माठाची माहिती छापलेलं पत्रक प्रत्येक उपरण्याला दोऱ्यानं बांधतो. उपरण्याला तो स्टोल म्हणतो. ‘मौनात जन्मलेली निळाई’ असं वर छापलं आहे. पुण्याहून माणसं गाडी करून बघायला येतात आणि दाराबाहेर चपला काढून आपसात कुजबुजतात. त्या पत्रकात खाली माझाही उल्लेख आहे. त्याचीच ही हकिकत.

मी पंधरा वर्षांची होते. गुढीपाडव्याच्या दिवशी मी आत्याला सरळ विचारलं की मला माठ कधी देणार. आत्या पुरणाची पोळी खात होती. ती म्हणाली, “वरीसभर तोंडातनं मोठा शब्द काढू नगंस. फुडल्या पाडव्याला तुझं हात माठात.”

“आन् बोलले तर?”

“तर बाळूचं.”

घरातल्यांना वर्षभराची करमणूक मिळाली. मी तोंड मिटून फिरू लागले. बाळू मुद्दाम माझ्या भाकरीतला पापुद्रा काढून खायचा आणि कानाशी येऊन म्हणायचा, “आक्के, वरड की गं. वरड.” मी मुठी आवळायची. नदीवर धुणं धुताना बायका म्हणायच्या, “हिला काय झालंय? बाहेरचं बिहेरचं न्हाई न्हवं?” आईनं एकदा खरंच माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. पोळा गेला, दसरा गेला, संक्रांत गेली. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात ते इतरांना. मला गोड, आंबट, कुठलंच बोलायची सोय नव्हती. पाडव्याला पंधरवडा राहिला, तेव्हा मी दारात उभी राहून माठाकडे बघताना मनातल्या मनात बाह्या सारायची.

त्याच सुमाराला सुभेदार आले. हे इस्लामपूरकडचे ऊसवाले, फौजेतून निवृत्त झालेले, आणि आमच्या गावचे जावई. पाडव्याच्या तोंडावर त्यांच्या मुलीचं लग्न होतं, त्यात मानकऱ्यांना द्यायला त्यांनी पन्नास निळी उपरणी सांगितली होती. आप्पांची पन्नासच्या पन्नास विणून झाली होती. रंगवायची राहिली होती, कारण आत्या तीन दिवस थंडीतापानं पडली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार सासुरवाडीला लग्नाचं आवतण द्यायला आले ते माल बघायला आमच्या दारात उभे राहिले. आप्पा मागावर, आई चुलीशी, आत्या गोधडीत. पुढे झाले मी.

सुभेदारांनी नमुन्याचं उपरणं उचललं, अंगठ्याला थुंकी लावली आणि घासलं. अंगठा निळा झाला.

“रंग जातोय पोरी.”

“नवं हाय तवर थोडा लागतोय. दोन पाण्यातनं काढलं की बसतोय,” मी कुजबुजले.

“आँ? जोरसे बोल. फौजेत असं बोलणाऱ्याला बटाटं सोलाय लावत्यात.”

मी माठाच्या खोलीकडे बोट दाखवलं. “माठ हाय आत. त्याला ऐकू येतंय.”

सुभेदार गडगडून हसले. “माठाला कान हायत व्हय? लय भारी. म्हंजी गिऱ्हाइकानं सवाल करायचा न्हाई. आगं, पुडीचा रंग कालवतीया तुझी आत्या, आन् वर ही नाटकं.”

पुढे काय झालं ते मला नीट आठवतं आणि गावालाही. मी म्हणाले, म्हणजे मी अशी ओरडले की खड्ड्यातला माग थांबला: “पुडीचा रंग? आवं, जिच्या हाताची नीळ सरणावर बी जायाची न्हाई, तिला पुडीचा रंग म्हंता? पुडीचा रंग तुमच्या मिशीला हाय! बगा जरा आरशात, मुळाशी पांढरी दिसतीया!”

अकरा महिन्यांचं साठलेलं एका दमात बाहेर आलं. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ भांडणं केली, पण तेवढं समाधान पुन्हा कधी मिळालं नाही. सुभेदारांनी मिशीला हात लावला. मग ते उपरणं घडी घालून ठेवत म्हणाले, “आठ दिसांत पन्नास नग पायजेत,” आणि निघून गेले. त्यांना बहुधा खात्री पटली होती. खोटा माल विकणारा इतका चिडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा ताप उतरला. ती भिंतीला धरून माठाशी गेली, झाकण काढलं आणि तशीच उभी राहिली. फुलोरा नव्हता. वर राखट पाणी आणि ताकासारखा आंबूस वास. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

“मेला,” ती म्हणाली. मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून, “तुझ्या तोंडानं मेला.”

माझी बाजू कोणी घेतली नाही. आई नाही, बाळू नाही, आप्पा तर नाहीतच. मी आत्याची बाजू घेऊन ओरडले होते, पण माठाला म्हणे मजकूर कळत नाही, नुसता आवाज कळतो.

नवा माठ लावून तो उठायला तीन आठवडे लागतात. लग्न आठ दिवसांवर. डाळिंबाचा पिवळा दोन दिवसांत होतो, पण तो सुभेदारांनी मागितला नव्हता. आत्यानं आप्पांना सांगितलं, “हिला घिऊन इस्लामपूरला जा. ज्या तोंडानं गेलं त्याच तोंडानं आणू दे.” मग मी आणि आप्पा कराडला एसटी बदलून गेलो. आप्पा वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, “खिडकी लाव.”

सुभेदारांचं घर उसाच्या मधोमध. कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं, हवेतच गोडवा होता. आमच्याकडे पिण्याला पाणी मोजून, आणि इथं पाटाचं पाणी रस्त्यावर सांडत होतं, कोणाचं लक्षही नव्हतं. आम्हाला ताटात चपाती आणि वाटीभर काकवी दिली. आप्पा जेवू लागले. मी जेवले नाही. पिशवीतून पिवळं उपरणं काढलं, आत्यानं घाईत रंगवलेलं, काठाला काळी रेघ, आणि सुभेदारांच्या मांडीवर ठेवलं.

“ह्ये काय? निळं ठरलं हुतं.”

“निळं तुमाला शोभत न्हाई.”

“म्हंजी?”

“आवं, निळं उपरणं कोण घेतंय? आमच्या माण तालुक्यातली मुंबईला हमालीला जाणारी माणसं. ट्रकवालं. का, तर मळ दिसत न्हाई. तुमच्या व्याह्याच्या गळ्यात त्येच घालणार? ह्यो हळदीचा रंग बगा. मांडवात पन्नास माणसं ह्यात हुभी ऱ्हायली की लांबनं कळंल, ही सुभेदाराची माणसं. पलटण कशी वळकू येती?”

पलटण हा शब्द मी बसमध्येच शोधून ठेवला होता. सुभेदारांनी उपरणं गळ्यात टाकलं, घासायला अंगठा ओला केला, माझ्याकडे बघितलं आणि अंगठा धोतराला पुसला.

“बरं. पर रंग बदलला, दर कमी कराय पायजे.”

“रंग चढलाय, तर दर बी चढाय पायजे. पर तुमी गावचं जावई. हाय त्योच ठिवते.”

सुभेदार आप्पांकडे वळून म्हणाले, “ही पोरगी फौजेत पायजे हुती.” आप्पांनी काकवी पुसून घेतली आणि मान हलवली. सौदा झाला. परतताना मला आनंद झाला होता, आणि कराडच्या स्टँडवर तो ओसरला. मी जगात एकाच रंगावर जीव टाकला होता, आणि पहिला सौदा जिंकायला त्याच रंगाला हमालाचा म्हणून आले होते. इस्लामपूर लांब आहे, माठाला ऐकू गेलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग आठवलं की माठ मेलाच आहे.

घरी आल्यावर आत्यानं नवा माठ लावायला गूळ मागितला. घरचा गूळ मीच फलटणच्या बाजारातून आणायची. ढेप मी ठोकून, वास घेऊन, गुळवाल्याशी तासभर हुज्जत घालून निवडायची, तीही त्या वर्षी कुजबुजत. त्यामुळे कोणती ढेप किती दिवस पुरते ते मला पाठ होतं. मडक्यात हात घातला तर ढेपेचा तळ लागला. पाच दिवसांपूर्वी ती निम्म्याहून जास्त होती. मला पहिला संशय बाळूचा आला.

“गूळ खाल्लास व्हय रं?”

“न्हाई. माठाला घातला. आत्या पडल्या तवा मला म्हनल्या हुत्या, रोज घाल.”

आई चुलीवरून मान वळवून म्हणाली, “तू घालत हुतास? आरं, मीच घातला की तिन्ही दिस. म्हनलं, पोर इसरतंय.”

खट्, खटाक् थांबलं. खड्ड्यातून आप्पांचा आवाज आला. ते त्या महिन्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं भाषण होतं. “मी बी घातला. म्हनलं, बायांना कामं हायत.”

तिघेही सकाळी वेगवेगळ्या वेळी, चवड्यावर चालत, श्वास रोखून आत गेले होते. तिघांनीही मूठमूठभर गूळ टाकला होता, थोडा जास्तच, माठाला बरं वाटावं म्हणून. आणि खोलीत बोलायचं नसतं म्हणून कोणी कोणाला विचारलं नव्हतं. बाहेर आल्यावर विचारायचं तर त्यांच्यापैकी कोणाला बोलायची सवय उरली नव्हती. तीन दिवस माठाला तीन-तीन न्याहाऱ्या. तो आंबून मेला होता. मी ओरडले तेव्हा मरायलाच टेकला असणार. माझ्या आवाजानं दचकून चार घटका जास्त जगला असेल तर सांगता येत नाही.

मी मोकळं मडकं घेऊन आत्यापुढे गेले आणि सगळं सांगितलं. हळू आवाजात, अजूनही. मला वाटलं, आता ती उठेल, माझे हात धरून नव्या माठात बुडवेल. आत्यानं मडकं हातात घेतलं आणि आत बघितलं.

“हे भाईर बोलू नगंस,” ती म्हणाली.

“का?”

“रंगाऱ्याच्या घरात तिघांना गूळ घालता येत न्हाई म्हनल्यावर कोण दारात येईल? तीन मानसं येडी ठरण्यापरास एक पोरगी तोंडाळ ठरल्याली बरी. आन् तोंडाळ तर तू हायसच की.”

“आन् माझं हात?”

“माठ बाळूचा. तू बाजाराला जायाचं. सुभेदाराला पिवळं इकलंस तू. आसलं तोंड माठापशी गप ठिवून काय करायचं?” आणि मग, “मला बी कवाधरनं वरडायचं हाय. मी कुटं वरडले?”

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा ऐकू आलं, पण शिरलं नाही. मी रागात होते. मी आजही रागात आहे, फक्त आता ते वाक्यही त्यात असतं.

त्या आठवड्यापासून मी बाजार धरले. म्हसवड, फलटण, विटा, पुढे साताऱ्यात दुकान. गिरणीच्या मालापुढं हातमाग जगवला तो माझ्या घशानं, हे मी म्हणत नाही, मला ओळखणारे सगळे म्हणतात, आणि नाही म्हटलं तर मी त्यांना म्हणायला लावते. आत्या गेली तेव्हा तिचे हात तसेच निळे होते. सरणावरही निळे होते, सुभेदारांना मी सांगितलं होतं तसेच. पण गावातली गोष्ट ठरली ती ठरली: आक्काच्या तोंडानं माठ मेला. सुहासनं ती पत्रकात घातली आहे, ‘घराण्यातील एका संतापी मुलीच्या आक्रोशाने’ वगैरे. मी त्याला काढायला सांगितलं तर म्हणतो, “आत्या, लोक त्यासाठीच घेतात.” खोटं नाही. मागं पुण्याच्या प्रदर्शनात एका बाईनं स्टोल गालाला लावून माझ्या कानात विचारलं, “हीच का ती मौनातली निळाई?” मी तिच्याच आवाजात “हो” म्हणाले आणि दरात एक पैसा सोडला नाही.

गेल्या दिवाळीनंतर सुहास असाच प्रदर्शनाला गेला होता, आणि मी माल न्यायला गावी गेले. मागच्या खोलीच्या दारावर आता पाटी आहे, ‘कृपया शांतता राखा’. आत बाळू उकिडवा बसलेला. बाळू आता म्हातारा झाला आहे आणि जवळजवळ बहिरा. कानाचं मशीन आहे, पण ते फडताळात ठेवतो, चुना उडतो म्हणे. मी दारात उभी राहिले, पन्नास वर्षं राहत आले तशी. त्याच्या हातात गुळाचा खडा होता.

“बाळू, सुनंनं गूळ घातलाय काय आज?”

त्यानं वर बघितलं नाही. मी आत गेले. पहिल्यांदा. त्याच्या कानाशी वाकले आणि मला जमतं तेवढ्या मोठ्यानं विचारलं, “सुनंनंऽऽ गूळ घातलाय काय?”

अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. बाळू दचकला आणि ओठांवर बोट ठेवलं. “हळू. मला न्हाई ठावं. हितं बोलायचं नसतंय.”

मी तिथूनच स्वयंपाकघराकडे तोंड केलं. “पूजाऽऽ! माठाला गूळ घातलास का गंऽऽ?”

“व्हय आत्याऽऽ! सक्काळीच!” पूजाचा आवाज आला. सुनेचा घसा चांगला आहे, मला ते तेव्हाच कळलं.

मी बाळूच्या हातातून खडा काढून घेतला. दुसरीकडे ठेवायला जागा दिसेना म्हणून तोंडात टाकला. मी एक बोट सुनेच्या दिशेला केलं, एक त्याच्याकडे, मग दोन बोटं दाखवून माठाकडे. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो हळूच म्हणाला, “तवा बी आसंच झालं हुतं न्हवं?” मग त्यानं दांडीवरचं पांढरं उपरणं ओढून माझ्या हातात दिलं आणि झाकण बाजूला केलं. एवढा गोंधळ होऊनही तांबूस फुलोरा जिथल्या तिथं होता. मी बाह्या सारल्या. पाणी कोमट होतं. उपरणं वर काढलं तेव्हा हिरवं होतं, आणि आम्ही दोघं दोन टोकं धरून ते निळं होईपर्यंत उभे राहिलो.

सुहासला हे पत्रकात छापायचं असेल तर छापू दे. फक्त मी माठाचा मान राखून गप्प राहिले, असं लिहू नये. माझ्या तोंडात गूळ होता.